गाळलेली पायरी

आमच्या शाळेच्या रंगमंचामागे मी एक नियम आणला होता. ज्याने काम केलं, त्यानेच ते तपासायचं नाही. करणारा वेगळा, बघणारा वेगळा. बघणाऱ्याने ओढून, हलवून, नीट खात्री करून घ्यायची आणि मग त्यावर हिरवी फीत बांधायची. फीत बांधल्यावर त्या गोष्टीला कोणी हात लावलाच, तर आधी फीत कापायची. कापलेली फीत दिसली की पुन्हा तपासायचं. इतकं सोपं, की आमच्या घड्याळजीलासुद्धा पहिल्या दमात समजलं. घड्याळजी म्हणजे नाटकातलं मुख्य काम करणारा मुलगा. त्याला स्वतःचे संवाद सोडून जगातलं फारसं काही समजत नाही.

तसा नियम माझा नव्हताच, आत्याचा होता. आत्या लिफ्ट बसवणाऱ्या कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजर आहे. सुट्टीत बाबांनी मला तिच्याकडे धाडलं, कारण मी घरी बसून भिंतींनाही कंटाळा आणलाय, असं त्यांचं मत होतं. तेव्हा मला सगळे पुटपुट म्हणायचे. वर्गात उत्तर येत असलं तरी मी ते ओठातल्या ओठात द्यायचे आणि बाईंना वाटायचं, येत नाही. आत्याने पहिल्याच दिवशी माझ्या डोक्यावर पिवळं हेल्मेट ठेवलं, अर्धवट बांधलेल्या इमारतीच्या तळाशी मला उभं केलं आणि म्हणाली, "वर मेस्त्री आहे. त्याला सांग, दुपारी तपासणी आहे."

मी सांगितलं.

"कोणाला सांगितलंस? त्या सिमेंटच्या पोत्याला?"

मी पुन्हा सांगितलं. मग पुन्हा. शेवटी माझा आवाज त्या रिकाम्या लिफ्टच्या खड्ड्यातून असा काही घुमत वर गेला, की वरून मेस्त्री खाली डोकावला. "ऐकलं हो ताई," तो म्हणाला. "बहिरा नाहीये मी."

त्यानंतर मला कोणी आवरू शकलं नाही. सुट्टीभर मी आत्याच्या मागे मागे फिरले. काम कसं तोडायचं, कोणता तुकडा कोणाच्या आधी, काय झालं म्हणजे झालं म्हणायचं, हे सगळं मी गिळून टाकलं. शाळा सुरू झाली आणि नाटकाच्या बाईंनी विचारलं, की यंदा नेपथ्याची जबाबदारी कोण घेणार, तेव्हा त्यांचा प्रश्न पुरा व्हायच्या आत माझा हात वर होता.

बाई म्हणाल्या, "मला वाटलं हात शेजारणीचा आहे."

शेजारीण म्हणजे टाचणी. ती आहेही तशीच, बारीक आणि सरळ. शिवाय तिची आई कपडे शिवते, त्यामुळे हिच्या कॉलरला कायम चार-पाच टाचण्या टोचलेल्या. माझ्या पुटपुटण्याच्या दिवसांत टाचणी माझा भोंगा होती. मी तिच्या कानाशी कुजबुजायचे आणि ती उभी राहून सांगायची, "बाई, ही म्हणतेय की उत्तर तांबं आहे." शाबासकी मिळाली तर ती माझ्याकडे बोट दाखवायची. उत्तर चुकलं तर खाली बसायची, गुपचूप, जणू ते तिचंच होतं.

तर मी नेपथ्यप्रमुख झाले आणि सगळ्यात आधी एक मोठा तक्ता केला. 'कामाची ठरलेली पद्धत' असं वर ठसठशीत लिहिलं आणि रंगमंचामागच्या भिंतीला चिकटवला. आत्याकडचं जवळपास सगळं त्यात घेतलं. फक्त एक पायरी गाळली. काम संपलं की आत्या सगळ्यांना बसवून एक बैठक घेते, काय बरोबर झालं, काय चुकलं, ते बोलायला. त्यात कोणी कोणाचं नाव घ्यायचं नाही, 'अमक्याने केलं' म्हणायचं नाही, 'असं घडलं' म्हणायचं. हे मला फारच आवडलं होतं. पण ती बैठक आत्या दर वेळी स्वतःच्या चुकीने सुरू करायची. "दारांची मापं माझ्याकडून उशिरा गेली," असं एवढ्या सगळ्या माणसांपुढे, हातात चहाचा कप धरून, अगदी सहज. मला तेव्हा कसंसंच झालं होतं. साहेबीण असून हे काय. बैठक मी तक्त्यात घेतली, पण स्वतःच्या चुकीने सुरुवात करायची ही पायरी घेतली नाही. शाळेत कशाला हवी, म्हटलं, तेवढाच वेळ वाचेल.

"दात घासायची पद्धत कुठेय?" तक्ता वाचून टाचणीने विचारलं.

"हस तू."

"नाही गं, छान आहे. फक्त शिंक आली तर कोणाची परवानगी घ्यायची ते लिहून टाक."

पण दोर, गाठी, कप्प्या हे सगळं तिनेच अंगावर घेतलं. नाटकातलं दुकान घड्याळांचं होतं. मागच्या पडद्यावर आमच्या रंगारणीने भिंतभर घड्याळं रंगवली होती, मधोमध बैलगाडीच्या चाकाएवढं एक. तो पडदा एका जाड आडव्या दांड्याला लावलेला. दांड्याच्या दोन्ही टोकांचे दोर वर कप्पीवरून जाऊन दोन्ही बाजूंच्या विंगांत लोखंडी खुंट्यांना बांधायचे. टाचणीने दोन्ही गाठी मारल्या. मी दोन्ही ओढून पाहिल्या, लोंबकळून पाहिल्या आणि त्यांवर हिरव्या फिती बांधल्या. इथपर्यंत सगळं पद्धतीप्रमाणे झालं.

प्रयोगाच्या दिवशी, पाहुणे यायच्या जरा आधी, मुख्याध्यापिकाबाई रंगमंचामागे आल्या. भिंतीवरचा तक्ता त्यांनी चष्मा वर-खाली करत वाचला.

"हे कोणी केलं?"

"मी," मी म्हणाले. चांगलं ठणठणीत.

"पुटपुट ना गं तू?" त्यांनी कौतुकाने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "बरं, हे तपासणं म्हणजे नेमकं काय करता? दाखव बघू."

डाव्या विंगेतली खुंटी हाताशी होती. आत्या मोठमोठ्या लोकांना कशी समजावून सांगते, ते माझ्या डोळ्यांपुढे होतं. मी हिरवी फीत दोरावरून वर सरकवली आणि गाठ सोडली. दोर हातात घट्ट धरला, पडद्याचा भार कसा येतो ते दाखवलं, वेढे कसे घ्यायचे ते दाखवलं. बाई मान डोलवत होत्या. मी बोलत होते, बोलत होते, आणि मला माझाच आवाज इतका गोड लागत होता. तेवढ्यात शिपाईदादा धावत आले, पाहुण्यांची गाडी फाटकात आली म्हणून.

"शाब्बास," मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या. "असं दर वर्गात एक पोर हवं."

त्या वळल्या. मी त्यांच्याकडे बघत बघत दोर खुंटीला गुंडाळला, वर एक गाठ मारली आणि फीत खाली सरकवून होती तिथे आणली.

फीत कापायला हवी होती, हे मला त्याच क्षणी माहीत होतं. नंतर आठवलं, लक्षातच आलं नाही, असं काही नाही. कात्री टाचणीकडे होती आणि टाचणी पलीकडे कुणाच्या तरी बाहीला टाके घालत होती. तिला हाक मारायची, म्हणजे नुकतंच शाब्बास म्हणून गेलेल्या बाईंच्या पाठीमागे ओरडायचं, की माझीच गाठ पुन्हा तपासा. एवढ्या लांबून हाक मारण्याएवढा आवाज आता माझ्याकडे होता. मी मारली नाही.

नाटक सुरू झालं. घड्याळजी टेबलामागून उठला, पुढे आला, छाती काढून म्हणाला, "माझ्या दुकानात सगळं वेळच्या वेळी होतं." आणि डावीकडचा दोर सळसळत सुटला. भिंतभर घड्याळं तिरकी झाली, दांड्याचं टोक खाली आलं आणि घड्याळजी आत्ता जिथून उठला होता, त्या टेबलावर आपटलं. टेबलाची फळी मधोमध चिरली.

प्रेक्षक हसले. त्यांना वाटलं, नाटकातच आहे. त्यांच्या टाळ्या ऐकत मी विंगेत उभी होते आणि मला त्या फळीशिवाय काही दिसत नव्हतं. टेबलामागून उठायच्या आधीचं वाक्य विसरून तिथेच बसून राहायची घड्याळजीला सवय आहे. त्या दिवशी तो विसरला नाही, म्हणून उठला होता.

नाटक संपल्यावर सगळे डाव्या विंगेत जमले. रंगारणीने जमिनीवरून फीत उचलली. अख्खी होती.

"फीत कापलेली नाहीये," ती म्हणाली. "म्हणजे कोणी हात लावला नव्हता."

सगळ्यांचं हळूहळू एकीकडेच बघणं सुरू झालं. टाचणीने आपल्या हातांकडे पाहिलं. "मी नेहमीचीच बांधली होती," ती म्हणाली, इतक्या हळू, की आमच्या दोघींच्या जागांची अदलाबदल झाल्यासारखं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी पद्धतीप्रमाणे बैठक झाली. आंतरशालेय स्पर्धा तोंडावर आली होती आणि हेच नाटक तिथे करायचं होतं. नाटकाच्या बाई बाकावर बसल्या, आम्ही सगळे सतरंजीवर, मी उभी.

"कोणाचं नाव घ्यायचं नाही," मी सुरुवात केली. माझा आवाज सुरेख लागला होता. "फक्त काय घडलं ते सांगायचं."

"दोर सुटला," दिव्यांचं बघणारा मुलगा म्हणाला.

"गाठ सैल होती," दुसरं कोणीतरी.

"फीत होती, म्हणजे तपासणी झाली होती," रंगारीण म्हणाली. "तपासताना चांगली वाटली आणि नंतर सुटली, म्हणजे गाठच चुकीची पडली असणार."

टाचणी उभी राहिली. "गाठ माझी होती," ती म्हणाली. "मला कळत नाहीये काय झालं, पण माझीच..."

"नाव नाही घ्यायचं गं," तीन-चार जण एकदम म्हणाले. चांगल्या मनाने म्हणाले. घड्याळजी तर म्हणाला, "बस टाचणे, मी जिवंत आहे ना." सगळे हसले. टाचणी खाली बसली, पूर्वी माझं चुकलेलं उत्तर घेऊन बसायची तशीच.

माझ्या घशाशी शब्द आला होता. पण तक्ता माझ्या पाठीशी होता आणि त्यावर माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं, की नाव घ्यायचं नाही. नियम मोडणारी मी कोण? असं मी स्वतःला सांगितलं, आणि ते मला पटलंसुद्धा. घटकाभर.

शेवटी उपाय ठरवायचा होता. बैठक उपायाशिवाय उठत नाही. नाटकाच्या बाई म्हणाल्या, "स्पर्धेला दोरांवर दुसरं कोणीतरी घेऊ या. कोणावर राग नाही. पण काल पोरगा थोडक्यात वाचलाय." गाडीत मोजकीच मुलं मावणार होती. दोर नाहीत, म्हणजे टाचणी स्पर्धेला येणार नव्हती. कोणाचंही नाव न घेता, कोणावरही न रागावता, आम्ही तिला वगळून टाकलं.

त्या आठवड्यात मी कधी नव्हे इतकी बडबडले. स्पर्धेच्या सामानाबद्दल, गाडीबद्दल, नवीन टेबलाबद्दल. गप्प बसलं, की फळीचा आवाज यायचा. घरी आईने विचारलं, "तुझ्या टाचणीचं काय झालंय? तिची आई सांगत होती, शाळेतून आली की कपाटाच्या मुठीला दोरी बांधून गाठी मारत बसते. सोडते नि मारते, सोडते नि मारते. जेवायला उठत नाही."

"सराव करत असेल," मी म्हणाले.

"स्पर्धेला नाहीये ना ती?"

"नाहीये."

"मग सराव कसला?"

मी पाणी प्यायला उठले.

रविवारी आत्या आली. तिला कोणीतरी तक्त्याची बातमी दिली होती आणि ती भलतीच खूश होती. गॅलरीत खुर्ची ओढून तिने मला समोर बसवलं. "सांग सगळं. आमच्या ऑफिसातल्या पोरांना सांगायचंय मला, बघा, शाळेतली मुलगी करते."

मी सांगितलं. पडदा पडल्याचं सांगितलं, बैठकीचं सांगितलं. खुंटीपाशी काय झालं ते तेवढं सोडून.

"नावं नाही घेतली ना कोणी?"

"नाही. एकीला स्वतःचं घ्यायचं होतं, पण आम्ही घेऊ दिलं नाही."

आत्याच्या कपाळाला आठी पडली. "स्वतःचं का नाही घेऊ दिलंत?"

"नियम आहे ना."

"अगं, दुसऱ्याचं घ्यायचं नाही. स्वतःचं घ्यायला कोणी अडवलंय? ते घेता यावं म्हणूनच तर सगळी खटपट. कोणी आपल्यावर तुटून पडणार नाही, एवढी खात्री झाली की माणूस आपण होऊन सांगतो." ती जरा थांबली. "सुरुवात कोणी केली? पहिली चूक कोणाची सांगितली गेली?"

मी नखं बघायला लागले.

"ती पायरी मी गाळली," मी म्हणाले.

"का?"

"वेळ वाचावा म्हणून."

आत्या माझ्याकडे बघत राहिली, इमारतीच्या तळाशी बघायची तशी, पुन्हा सांग म्हणून. आणि मी सांगितलं. पार पुटपुटत सांगितलं, सिमेंटच्या पोत्यालासुद्धा ऐकू गेलं नसतं, पण आत्याला गेलं. तिचा चेहरा उतरला. मला वाटलं होतं ती रागावेल. ती म्हणाली, "मी तुला फीत शिकवली, बोलायला शिकवलं, आणि ती पायरी का आहे तेवढं सांगायचं राहिलं. ही माझी चूक." मग उठून आत जाता जाता म्हणाली, "तुझी तू बघ."

सोमवारी मी नाटकाच्या बाईंकडे गेले. शाळा सुटल्यावर पुन्हा बैठक हवी आहे, म्हटलं, आणि टाचणीलाही बोलवा. सगळे कुरकुरत आले. टाचणी दाराजवळ बसली, दप्तर पाठीवरच.

"या बैठकीत एक पायरी राहिली होती," मी म्हणाले. "सुरुवात प्रमुखाच्या चुकीने करायची असते. मी ती तक्त्यात घेतली नव्हती. डाव्या खुंटीवरची गाठ टाचणीची नव्हती, माझी होती. मुख्याध्यापिकाबाईंना दाखवायला मी तिची सोडली आणि घाईत माझी मारली. फीत कापली नाही. विसरले नव्हते. कापली नाही."

नियमाप्रमाणे कोणी तुटून पडायचं नव्हतं आणि कोणी पडलंही नाही. पडले असते तर बरं वाटलं असतं. घड्याळजीने नुसता आपल्या डोक्यावरून हात फिरवला, मागे-पुढे, जागेवर आहे का बघितल्यासारखा.

"तेव्हाच का नाही बोललीस?" बाईंनी विचारलं.

"भीती वाटली."

"कशाची?"

"पुन्हा पुटपुट होईन म्हणून."

टाचणी उठली. माझ्यापर्यंत आली आणि तिने दोन्ही तळवे माझ्यासमोर धरले. बोटांच्या पेरांवर दोरीने सालं निघाली होती, काही जागा लाल, काही काळपट.

"मला वाटलं माझ्या हातातलंच काहीतरी गेलं," ती म्हणाली. "आईने सुई दिली तरी मी घेत नव्हते."

"टाचणे, मी..."

"तू पुटपुटायचीस ना, तेव्हा मला सगळं ऐकू यायचं."

ती एवढंच म्हणाली आणि दप्तर सावरत निघून गेली.

बाईंनी मला प्रमुखपदावरून काढलं आणि टाचणीला केलं. गाडीतून मला उतरवणार असं मी धरून चालले होते, पण यादी नवीन प्रमुखाने करायची होती. तिने सगळ्यांच्या शेवटी माझं नाव घेतलं, माझ्याकडे न बघता.

स्पर्धेचं सभागृह आमच्या शाळेच्या मानाने प्रचंड होतं. विंगेत दुसऱ्या शाळांची मुलं इकडून तिकडे पळत होती. टाचणीने कामं वाटली. रंगारणीला रंगांची डागडुजी, दिव्यांच्या मुलाला दिवे. उजवा दोर तिने स्वतः बांधला आणि तपासायला घड्याळजीला उभं केलं. तो आपल्या टेबलावर पडणारी गोष्ट तपासताना किती मन लावून तपासत होता, ते बघण्यासारखं होतं.

मग ती डाव्या खुंटीपाशी आली. हिरवी फीत तिच्या मनगटाला गुंडाळलेली होती, कात्री गळ्यात.

"तू बांध," ती मला म्हणाली. "मी बघते."

मी बांधली. सावकाश, एक एक वेढा मोजून. तिने दोर दोन्ही हातांनी धरला, सोललेल्या बोटांनी, आणि पाय उचलून त्याला लोंबकळली. तिचं वजन ते किती, पण दोर कुठेतरी केसभर सरकला. किंवा नसेलही सरकला. ती खाली उतरली आणि तिने गाठ सोडून टाकली.

"पुन्हा बांध."

मी पुन्हा बांधली. तिने ओढली, कान लावून ऐकल्यासारखं केलं, सोडली.

"पुन्हा."

पहिली घंटा झाली. पलीकडून नाटकाच्या बाईंनी हाक मारली, "झालं का गं पोरींनो?"

मी टाचणीकडे पाहिलं. तिने बाईंना उत्तर दिलं नाही. ती माझ्या हातांकडे बघत होती आणि फीत अजून तिच्या मनगटावरच होती.

"नाही झालं अजून, बाई," मी म्हणाले, पार पलीकडे ऐकू जाईल एवढ्या आवाजात, आणि दोर हातात घेतला.